‘दुबईतच आहे’ असं सांग

मागच्या शनिवारी सकाळी, म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे गजर बंद करून दुसरी झोप काढत असतो त्या पवित्र वेळी, औशाहून भाच्याचा फोन आला. त्याचा फोन सहसा दोनच कारणांसाठी येतो. एक, रिझ्युमेचं इंग्रजी बघून द्या. दोन, मॅच बघूलालाव का? यावेळी आवाजच वेगळा होता.

‘मामा, उठलाव का? सिलेक्शन झालं!’

‘कशात?’

‘अमेरिकन आर्मीच्या कॅम्पवर. स्टोअरकीपर. राहणं-खाणं फ्री, पगार डॉलरमध्ये.’

‘कुठं पण?’

‘गल्फला.’

‘अरे गल्फ म्हणजे कुठं? कुवेत, कतार, इराक?’

‘ते तिथं गेल्यावर कळतंय म्हणतोय एजंट. मामा, एक काम करा ना. आईला तुम्ही सांगा. कॅम्पचं नका काढू. दुबईत आहे म्हणून सांगा.’

झोप उडाली. कारण हे शेवटचं वाक्य त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या अक्कानं, आधी ऐकलेलं आहे. २०१० साली तेच वाक्य मी तिला फोनवरून सांगितलं होतं. ‘आईला सांग, दुबईतच आहे.’

मंडळी, या पानावर मी दर आठवड्याला ऑफिसबद्दल लिहितो. अप्रायझल, कॅन्टीनचा चहा, एसीच्या रिमोटवरून होणारी युद्धं वगैरे. पण माझ्या पहिल्या मल्टिनॅशनल नोकरीबद्दल कधी लिहिलं नाही. आयडी कार्ड होतं, शिफ्ट होती, कॅन्टीन तर असं होतं की तुमच्या हिंजवडीतल्या फूडकोर्टनं लाजावं. फक्त ऑफिस कंदाहारला होतं.

होय, तेच कंदाहार. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी ८१४ हे आपलं विमान अपहरण करून जिथं नेऊन उभं केलं होतं, तेच विमानतळ. तेव्हा मी शाळेत होतो. आठवडाभर टीव्हीवर ते विमान आणि मागच्या उघड्याबोडक्या टेकड्या बघितल्या होत्या. दहा वर्षांनी त्याच धावपट्टीवर मी रात्री दोन वाजता उतरलो, गळ्यात पिशवी आणि पिशवीत अक्कानं दिलेला शेंगदाण्याचा लाडवांचा डबा.

झालं असं की, लातूरला बी.कॉम. केलं, टॅली शिकलो आणि एमआयडीसीतल्या एका गोडाऊनमध्ये साडेपाच हजारांवर चिकटलो. एका एजंटानं दुबईत वेअरहाऊसची नोकरी देतो म्हणून दीड लाख घेतले. ते दीड लाख शेकडा तीननं उचललेले होते. शेकडा तीन म्हणजे वर्षाला नाही, महिन्याला. औशात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निघताना आईला ‘दुबई’ म्हणून सांगितलं ते मनापासून खरं होतं. दुबईत पोचल्यावर तीन आठवडे एका खोलीत चौदा जण पडून होतो आणि मग समोर कागद आला. जागा : कंदाहार एअरफील्ड, अफगाणिस्तान. पगार : महिना सातशे डॉलर. नको असेल तर परतीचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं.

तेव्हाच्या भावानं सातशे डॉलर म्हणजे बत्तीस हजार रुपये. व्याजाचे साडेचार हजार जाऊनही हातात साडेसत्तावीस. मी सही केली. कुणी हात धरून करायला लावली नाही, हे स्वच्छ सांगतो. पण कर्ज डोक्यावर असताना माणूस जी सही करतो तिला मर्जी म्हणायचं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तर, निघताना जे खरं होतं ते तीन आठवड्यांत खोटं झालं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. अक्काला मात्र सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

आता तिथलं आयुष्य. सिनेमात दिसतात ती हेलिकॉप्टरं आणि गॉगलवाले हिरो विसरा. लष्करी तळ म्हणजे सगळ्यात आधी एक गाव असतं आणि गावाला जे जे लागतं ते सगळं कुणीतरी करावं लागतं. स्वयंपाक, धुणं, संडास साफ करणं, कचरा उचलणं, दिवे, पाणी, डिझेल, हजामत. पूर्वी ही कामं सैनिकच करायचे, आता ती कंत्राटावर जातात. मुख्य कंत्राट मोठ्या कंपनीला, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी आणि सगळ्यात खाली आम्ही. आमच्यासाठी एक भारदस्त नाव होतं : टीसीएन, म्हणजे थर्ड कंट्री नॅशनल. अमेरिकनही नाही, अफगाणीही नाही, तो ‘तिसरा’. मार्च २०११ मध्ये इराक आणि अफगाणिस्तान मिळून अमेरिकेचे सैनिक होते सुमारे १ लाख ४५ हजार आणि कंत्राटी माणसं सुमारे १ लाख ५५ हजार. म्हणजे लढणाऱ्यांपेक्षा आम्हीच जास्त होतो. बातम्यांत कधी दिसलो का?

पहाटे साडेचारला उठायचं. कंटेनरची खोली, आठ जण, चार बंक. पाचला मोजदाद. आपली, सामानाची नाही. मग बस, मग यार्ड. संध्याकाळी सहापर्यंत बारा तास आणि आठवड्याचे सातही दिवस. वीकेंड नावाची गोष्ट नव्हती, त्यामुळे ‘मंडे ब्लूज’ही नव्हता. हा त्या नोकरीचा एकमेव एचआर-फायदा म्हणता येईल. आत येताना पहिल्याच दिवशी दहाही बोटांचे ठसे, डोळ्याच्या बुबुळाचा फोटो. त्यानंतर आजतागायत कुठल्याही ऑफिसचा बायोमेट्रिक पंच मला अवघड वाटलेला नाही.

माझं काम स्टॉकचं. कुठल्या कंटेनरमध्ये काय आलं, किती आलं, किती गेलं. आता तुम्ही म्हणाल बंदुका, गोळ्या. छे! टॉयलेट पेपर, प्रिंटरचे टोनर, केचपची पाकिटं, फरशी पुसायचे मॉप. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची कागदी सजावट. आणि पाणी. बाटलीबंद पाण्याचे पॅलेट, प्लॅस्टिकात गुंडाळलेले, उन्हात ओळीनं उभे, कोपऱ्याकोपऱ्यावर. कुणीही यावं, फोडावं, घ्यावं. अर्धी बाटली पिऊन फेकावी, बाकीच्यानं बूट धुवावेत. पहिला महिनाभर मला ते बघवत नसे. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की घागरी घेऊन पळत सुटतात, त्यात माझं अख्खं बालपण गेलेलं. (पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा ऑफिसात सगळे व्हॉट्सअॅपवर ते फोटो बघत होते आणि मला दिसत होते ते कंदाहारचे पॅलेट.) मी काही दिवस अर्ध्या बाटल्या गोळा करून खोलीत आणायचो. माझा केरळी रूममेट, डायनिंग हॉलमध्ये कुक, एकदा वैतागून म्हणाला, ‘भाई, ये क्या म्युझियम बनाया है?’ मग सोडलं.

तळाच्या मधोमध एक लाकडी फळ्यांचा चौक होता, बोर्डवॉक म्हणायचे. भोवतीनं दुकानं, कॉफी, पिझ्झा आणि मध्ये चक्क कॅनेडियन लोकांनी बनवलेलं हॉकीचं मैदान. २०१० मध्ये वरिष्ठ सेनापतींना वाटलं की हे जरा जास्तच होतंय, युद्ध आहे की जत्रा, म्हणून त्यांनी बर्गर-पिझ्झाची दुकानं बंद करायला लावली. आमच्यातल्या काहींना त्याचं वाईट वाटलं, कारण त्या दुकानांत काम करणारेही नेपाळी नाहीतर फिलिपिनोच. अफगाणी लोकांचा आठवडी बाजारही भरायचा. गालिचे, निळे दगड, कॉपी केलेल्या डीव्हीडी. भाव करण्यात मी औशाच्या बाजारात तयार झालेलो. एकदा एका गालिच्यावर अर्धा तास घालवला. घ्यायचा नव्हताच. नुसतं घासाघीस करायला मिळाली म्हणून बरं वाटलं. शेवटी त्या म्हाताऱ्यानं हसून चहा पाजला.

आणि वास! तळावर सांडपाण्याचं एक भलंमोठं उघडं तळं होतं. हजारो माणसांचं सगळं तिथं जमा. त्याचं इंग्रजी टोपणनाव इतकं सरळ होतं की संपादक छापणार नाहीत. वारा त्या दिशेनं आला की कॉफी सोडा, श्वासही घ्यावासा वाटत नसे.

भाषेचं मात्र कधी अडलं नाही. आपण निजामाच्या राज्यातले, त्याचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला. लॉन्ड्रीतला हैदराबादी पोरगा ‘हल्लू हल्लू’ बोलायचा, मी त्याला तसंच उत्तर द्यायचो आणि मधला नेपाळी, बंगाली, पाकिस्तानी, सगळे त्याच तोडक्या हिंदुस्थानीत शिरायचे. सुपरवायझर मॅसेडोनियाचा होता, त्यालाही वर्षभरात ‘क्या हो रहा है’ यायला लागलं.

२०१० ची गणेश चतुर्थी आली ११ सप्टेंबरला. अमेरिकनांसाठी तो दिवस काय असतो ते सांगायला नको. सकाळी तळावर मानवंदना, सगळे गंभीर. आदल्याच दिवशी ईद झालेली, हैदराबादी पोरानं दुधाच्या पावडरीचा शीरखुर्मा करून डबाभर आणून दिला होता. आणि आमच्या कंटेनरमध्ये आम्ही चौघे, एक नांदेडचा, एक कोल्हापूरचा, एक सिंधुदुर्गातला आणि मी, कंदाहारच्या पिठासारख्या धुळीत पाणी कालवून गणपती करतोय. सोंड तीनदा पडली. सिंधुदुर्गवाला म्हणाला, मातीत दम नाही. आरती दबक्या आवाजात. दीड दिवसानं विसर्जनाचा प्रश्न आला. तळावर पाण्याचा साठा म्हणावा असा एकच आणि त्याचं वर्णन मी वर केलेलं आहे. शेवटी मॉपची नवीकोरी बादली स्टॉकातून ‘डॅमेज’ दाखवून काढली. दोन वर्षांत मी केलेला हा एकमेव अपहार. एवढा गुन्हा माफ करा.

आता रॉकेटचं. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

तळाबाहेरच्या शेतांत, टेकड्यांवर कुणीतरी दगडांवर रॉकेट टेकवून ठेवायचं, टायमर लावायचं आणि निघून जायचं. नेम असा काही नसे. तळ इतका मोठा की कुठंतरी पडणारच. मग भोंगा वाजायचा आणि पाठोपाठ एका बाईचा रेकॉर्ड केलेला, अगदी साजूक ब्रिटिश आवाज : रॉकेट अटॅक, रॉकेट अटॅक. ट्रेनची अनाउन्समेंट करावी तसा. ऐकल्या जागी पालथं पडायचं, दोन मिनिटं, मग काँक्रीटच्या बंकरमध्ये जाऊन बसायचं, ‘ऑल क्लिअर’ येईपर्यंत. बंकर म्हणजे उलटा यू, दोन्ही बाजूंनी उघडा. त्यात गुडघे पोटाशी घेऊन माझ्या शेजारी अमेरिकन कॅप्टनही बसायचा आणि संडास साफ करणारा केनियनही. फरक एवढाच की कॅप्टनच्या अंगावर चिलखत आणि हेल्मेट असायचं. आमच्या कंपनीनं आम्हाला रिफ्लेक्टरचं जाकीट दिलं होतं. अंधारात चमकायला.

बहुतेक वेळा काही व्हायचं नाही. एकदा झालं. आमच्या यार्डातल्या नेपाळी फोर्कलिफ्ट ड्रायव्हरच्या हातात लोखंडाचा तुकडा घुसला. तळावरच्या हॉस्पिटलनं त्याचा हात वाचवला, त्याबद्दल वादच नाही. पण बोटं मिटेनात. दोन महिन्यांनी कंपनीनं त्याला तिकीट दिलं, एक पाकीट दिलं आणि घरी पाठवलं. पाकिटात एका महिन्याचा पगार होता. आम्ही वर्गणी काढली. पुढे भारतात आल्यावर वाचताना मला कळलं की १९४१ पासून अमेरिकेत डिफेन्स बेस अॅक्ट नावाचा कायदा आहे. परदेशातल्या अमेरिकन तळांवर अशा कंत्राटावर काम करताना जखमी झालेल्याला, तो कुठल्याही देशाचा असो, उपचार आणि नुकसानभरपाई मिळायची तरतूद त्यात आहे. कंपनीला त्यासाठी विमा काढावाच लागतो. आमच्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी स्टॉकमधल्या मॉपच्या काड्यांचा हिशेब ठेवत होतो, पण माझ्या सहीच्या कागदाची दुसरी प्रत मागायचं मला सुचलं नव्हतं.

आईला आठवड्यातून एकदा फोन. फोन सेंटरवर रांग, कार्डातली मिनिटं मोजून. एकदा बोलता बोलता भोंगा वाजला.

‘कसला आवाज रे?’

‘भोंगा आहे. शिफ्ट सुटली.’

‘मग जा की, जेव.’

मी रिसीव्हर ठेवून फरशीवर पालथा पडलो. शेजारच्या बूथमधला फिलिपिनो क्लर्क पण पालथा. त्यानं मला विचारलं, ‘मदर?’ मी म्हणालो, ‘मदर.’ तो म्हणाला, ‘सेम.’

पहिली सुट्टी दीड वर्षानं मिळाली, २०११ च्या दिवाळीला. दुबईतून आल्यासारखा आलो. चॉकलेटं, सेंट, आईला साडी, सगळं दुबई विमानतळावरच घेतलेलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात, मी दारात. गल्लीतल्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावला. नंतरचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी उंबऱ्याच्या आत फरशीवर पालथा आहे, दोन्ही हात डोक्यावर आणि आई हातात झारा घेऊन बघते आहे. दोन मिनिटं मी उठलो नाही. सवयच तशी.

ती काही बोलली नाही. झारा कढईत ठेवला, गॅस बंद केला. रात्री जेवणं झाल्यावर तिनं माझं अंथरूण उचललं आणि अंगणात टाकलं. स्वतःचंही शेजारी टाकलं. ऑक्टोबरातली थंडी, वर चांदण्या.

हे बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून सांगतो. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायच्या आत भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. मी आठ वर्षांचा होतो. औशातलं आमचं घर उभं राहिलं, किल्लारीतली मावशीची आळी राहिली नाही. त्यानंतर कित्येक महिने आमच्या भागात कुणी छपराखाली झोपलं नाही. जरा दार वाजलं, ट्रक गेला, की माणसं अंगणात. लष्कराचे जवान आले होते, पत्र्याचे शेड उभे राहिले होते. घाबरलेल्या माणसाला अंगणात झोपवायचं असतं, एवढं शास्त्र आमच्या आयांना तेव्हापासून येतं.

तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. दहा दिवस आम्ही अंगणात झोपलो. परत निघालो तेव्हा म्हणाली, ‘दुबईत जपून राहा.’ ‘दुबईत’वर जरा जास्त जोर होता की मला तसं वाटलं, देव जाणे.

२०१२ च्या मध्यावर मी कायमचा परत आलो. कर्ज फिटलं होतं, बहिणीच्या घराला स्लॅब पडला होता, माझ्या पुण्यातल्या एमबीएची फी जमली होती. म्हणजे नोकरी वाईट होती असं तोंड वर करून म्हणायची मला सोय नाही. आज मी ज्या एसीच्या रिमोटबद्दल विनोद करतो तो एसी त्याच पैशांतून आलाय. मे २०२१ मध्ये अमेरिकनांनी कंदाहारचा तळ अफगाण सैन्याच्या हवाली केला आणि ऑगस्टमध्ये शहर तालिबानकडे गेलं. लॉकडाऊनच्या काळातच घरात बसून मी ते टीव्हीवर बघितलं. माझं यार्ड दिसतंय का ते शोधत होतो.

आता भाच्याचं. त्याला मी लगेच ‘जाऊ नको’ म्हणालो नाही. चोवीस वर्षांच्या पोराला, ज्याच्या हातात बारा हजारांची नोकरी आहे, पुण्यात फ्लॅट असलेल्या मामानं ‘जाऊ नको’ म्हणणं फार सोपं असतं. उलट त्याला २००४ सालची गोष्ट सांगितली. त्या काळात कुवेतची नोकरी सांगून केरळच्या काही जणांना इराकमधल्या अमेरिकन तळाच्या स्वयंपाकघरात नेलं गेलं. जुलैमध्ये इराकमध्ये ट्रक नेणारे तीन भारतीय ड्रायव्हर ओलीस धरले गेले, ते सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला सुटले. पण ऑगस्टमध्ये बारा नेपाळी पोरं सुटली नाहीत. त्यांना जॉर्डनमध्ये हॉटेलातलं काम सांगितलं होतं, वाट मात्र इराकमधल्या तळाची निघाली. सगळे मारले गेले. त्याच वर्षी भारत सरकारनं इराकला कामासाठी जायला बंदी केली.

‘ते जुनं झालं, मामा.’

म्हटलं, बरं, नवं सांगतो. २३ जून २०२५ ला इराणनं कतारमधल्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती. तुझा एजंट ज्याला ‘गल्फ’ म्हणतो, त्यातच कतार येतं.

तो गप्प झाला. मग मी विचारलं, पैसे किती मागतोय? तर दोन लाख. त्यातले वीस हजार देऊन झालेत. हे ऐकून मी त्याला जरा मोठ्यानं बोललो. आपल्याकडे परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला सरकारकडे नोंदणी लागते, ई-मायग्रेट नावाच्या साइटवर नाव टाकलं की दिसतं. त्याला जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी घेता येतो, दोन लाख नाही. आणि अमेरिकन सरकारच्या कंत्राटावर तर कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायलाच मनाई आहे. पासपोर्ट काढून ठेवायलाही मनाई आहे. २०१२ च्या सप्टेंबरात ओबामांनी तसा आदेशच काढला, मी घरी आल्यावर तीन महिन्यांनी. माझं नशीब!

‘मग तुम्ही कसे गेलाव?’

‘मला हे सांगणारा मामा नव्हता.’

यावर तो हसला, पण ते माझ्यासाठी हसला. मग त्यानं ऑफर लेटरचा फोटो पाठवला. सुंदर लेटरहेड, दोन शिक्के, पगार आठशे डॉलर. ‘जॉब लोकेशन’च्या समोर लिहिलं होतं : कामाच्या गरजेनुसार.

एक गंमत सांगतो. मागे कधीतरी पहिल्या महायुद्धाबद्दल वाचत होतो. तेव्हाही हिंदी सैन्यात लढवय्ये नसलेले लोक साडेपाच लाखांच्या आसपास होते. भिस्ती, धोबी, स्वयंपाकी, खेचरं हाकणारे, मैला वाहणारे. त्यांतले कितीतरी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्येच. कुतच्या १९१५-१६ सालच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या, त्यांच्याबरोबर हेही अडकले. सैनिकांचे पुतळे झाले. पाणी आणणाऱ्याचा कुठं पाहिलाय तुम्ही? त्यांच्या घरी काय सांगून गेले असतील कोण जाणे. तेव्हा दुबई नव्हती.

असो. रविवारी मी अक्काला फोन लावला. भाच्याला सांगूनच लावला. म्हटलं, तू नाही सांगणार तर मी खरं सांगणार, दुबईबिबई नाही. तो म्हणाला, सांगा.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मधे एक शब्द नाही. मग म्हणाली, ‘मला गुरुवारीच कळलंय. सावकाराची बायको विचारत होती, पोरगं फॉरेनला चाललंय म्हणं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तो कधी सांगतो बघत होते.’ मग थोड्या वेळानं, ‘हे बघ, तो जाणार असेल तर मी आडवी पडणार नाही. इथं तरी काय ठेवलंय? सोयाबीनचा भाव तुला माहिताय. पण ह्या वेळी मी खोटं बोलणार नाही. मागच्या वेळी तुझ्यासाठी दोन वर्षं बोलले. आई रोज विचारायची, दुबईत आज ऊन किती आहे? मी रोज काहीतरी आकडा सांगायचे. बेचाळीस. चव्वेचाळीस. तुला काय माहीत.’

मला खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षं म्हणजे सातशेच्या वर आकडे.

‘आईला कधी कळलं?’ मी विचारलं. ‘दिवाळीला ना?’

‘दिवाळीला कशाचं! तू गेल्यावर महिन्याभरात. पहिल्याच महिन्यात तू फोनवर म्हणालास की रात्री थंडी वाजते. ती मला म्हणाली, दुबईत एप्रिलात थंडी कसली गं? पण मला सांगू दे, तुला बरं वाटतंय तर.’

मी काय बोलणार? म्हणालो, एजंटाला देश लिहून द्यायला सांगितलंय, लेखी, कंपनीच्या नावासकट. आणि ते वीस हजार परत मागायला. अक्का म्हणाली, नंबर दे त्याचा, मीच बोलते.

ती बोलली म्हणे. एजंट तिला ‘ताई ताई’ करत होता. मंगळवारपर्यंत सगळं लेखी पाठवतो म्हणाला. हे मी लिहितोय तेव्हा गुरुवारची दुपार आहे. भाच्याचा दर दोन तासांनी मेसेज येतोय, ‘मामा, अजून नाही.’